वितीच्या आतले

कंपेलच्या पुढे, डांबर संपतं तिथून उजवीकडे
आमच्या शेतातलं तळं फार झालंय.
पाणी नाही, मासे.
उपेंद्रनं बादलीभर पिल्लं सोडली होती,
चाळीस असतील, फार तर पन्नास,
आणि बदली होऊन तो गेला कटकला.
तिलापियाला पुढचं सांगावं लागत नाही.

महूहून धाकडसाहेब आले, बूट न काढता काठावर उकिडवे बसले.
एक मासा तळहातावर आडवा घेतला:
डोकं मोठं, डोळे मोठे, मागे अंग म्हणून जेमतेम काही.
"पिल्लू नाही हे, बाई. तीन वर्षांचा आहे.
खायला मिळालं तेवढाच वाढला."
मी त्याचा डोळा बघितला. म्हातारा होता खरंच.

गेंदालाल केवटानं सगळा सल्ला एका ओळीत बसवला:
"मोटी छोड़ी दो, जीजी. नानी काड़ो."
माळव्यात चाळीस वर्षं काढल्यावर
नानी म्हणजे लहान, एवढं कळतं.
हाताला कळत नाही.
हात जन्मभर उलटं शिकलेला,
लहान सोड, मोठं ठेव.

त्यानं बाभळीच्या फोकावर खिळ्यानं खूण केली
माझ्या वितीएवढी. त्याची वीत मोठी पडत होती.
म्हणजे निवाडा माझ्याच बोटांचा,
संधिवातानं अर्धा इंच आखडलेल्या.

मग चैत्राच्या उन्हात तीन दिवस
हिंग घातलेली कणीक, मोरपिसाच्या देठाचं तरंगतं,
आणि टाकला गळ की ओढ, टाकला की ओढ.
ह्याला मासेमारी म्हणू नये.
इतक्या भुकेला फसवणं काय कठीण?

मी जुन्या हजेरीपटावर मोजत होते,
चार उभ्या, एक आडवी.
नववी ब चा पट, कोरी राहिलेली पानं.
एका बाकावर चौघी बसायच्या,
पाचवी कडेला, एक पाय बाहेर टाकून.
खिडकीजवळच्या दोघी-तिघी वाढल्या,
बाकीच्या वर्षभर तेवढ्याच राहिल्या.
हे तेव्हा दिसलं नव्हतं.
दिसलं असतं तरी काय करणार होते, कुणास ठाऊक.
आडवी रेघ मारली. पुढचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेंदालालनं फेकजाळं टाकलं
आणि एक मोठी आली. फोकाच्या खुणेपलीकडे चार बोटं.
जड, करडी, गालफडं फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं,
विडा भरून बसलेल्या आत्याबाईंसारखी.
"इनेज तो छोड़नो," तो म्हणाला.
मी दोन्ही हातांत धरली,
तिनं तोंड उघडलं
आणि माझ्या ओंजळीत पिल्लं ओतली.
मोहरीएवढी. साठ? ऐंशी?
काळे ठिपके, प्रत्येकाला दोन डोळे,
ओंजळीतल्या घोटभर पाण्यात
हिच्याच तोंडाकडे परत धावणारी.

फोकावर ह्यांच्यासाठी खूण नव्हती.
नानी काड़ो, मोटी छोड़ो,
आणि मोठीच्या तोंडात सगळ्या नान्या.
गेंदालालकडे बघितलं.
तो जाळ्याची शिशाची वजनं सोडवत होता,
फार लक्ष देऊन,
जणू आज त्याहून महत्त्वाचं काही नाही.

मी हात पाण्यात बुडवले.
मोठी गेली. पिल्लं क्षणभर घोटाळली, मग गेली.

संध्याकाळी बादल्या त्याच्या सायकलला.
बायको हळद-मीठ लावून पत्र्यावर वाळवते त्याची;
फुटलेले, दबलेले मी पेरूच्या आळ्यांत पुरले.
खात नाही मी. हाताचा वास
काळ्या मातीनं घासला तरी रात्रभर होता.

पटावर बेरीज लिहिली: दोनशे बारा वजा.
खाली "नवीन दाखल" असा रकाना छापलेलाच आहे.
पेन्सिल तिथं नेली,
टोक टेकवलं,
एक ठिपका पडला.